वाटाड्याची निवड

मराठी भाषेने वाटेला नाना कामे लावली आहेत. वाट चालावी लागते, धरावी लागते, सोडावी लागते. ती चुकते, अडते, फुटते, आणि एखाद्या चांगल्या बेताची वाट लागतेही. ज्याला स्वतःला कोठे जायचे नाही तोदेखील घरी बसून कुणाची तरी वाट पाहात असतो. अनोळखी मुलखात शिरणारा प्रवासी पूर्वी सोबत वाटाड्या घेई. हा वाटाड्या पुढे चाले, ओढ्याला उतार कोठे आहे हे त्याला ठाऊक असे, आणि वाट चुकली तर प्रवाशाबरोबर तोही रानात अडके. आज मोटारसायकलच्या हँडलवर जो वाटाड्या बसतो, तो रेषा काढतो, वळण सांगतो, उरलेले अंतर मोजतो. परंतु चुकीचा वाटेकरी मात्र होत नाही. त्यामुळे त्याची निवड ही केवळ एका वस्तूची खरेदी राहात नाही.

दिल्लीत तीस वर्षे ग्रंथपालाची नोकरी करून निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेल्या एका मराठी गृहस्थांना या निवडीने सहा महिने गुंतवून ठेवले. साठी उलटण्यापूर्वी मनालीहून लेहपर्यंत मोटारसायकलने जावे, ही त्यांची जुनी इच्छा होती. पुस्तके निवडण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला एक यंत्र निवडणे अवघड जाऊ नये; परंतु येथे थोडा पूर्वेतिहास होता. आदल्या वर्षीच्या मार्च महिन्यात हिमाचलच्या पायथ्याशी, जेथे नवा चौपदरी रस्ता आणि जुना घाटरस्ता एकमेकांपासून फुटतात, तेथे हँडलवर अडकवलेल्या फोनवरील निळी रेषा नेमकी कोणत्या रस्त्याची आहे हे पाहण्यासाठी त्यांनी मान खाली घातली. मान वर केली तेव्हा समोर उसाने भरलेली ट्रॉली आडवी उभी होती. गाडी घसरली, गळपट्टीचे हाड मोडले, आणि हात दोन महिने झोळीत राहिला. दोष कुणाचा, याविषयी त्यांच्या मनात कधीही संदेह नव्हता.

लेहचा विषय पुन्हा निघाला तेव्हा पत्नीने आडकाठी केली नाही. ती एवढेच म्हणाली, “जायचं तर जा, पण मान वर ठेवून जाता येईल असं काही तरी आधी शोधा.” पुढच्या सहा महिन्यांत अनेक माहितीपत्रके वाचून झाली, तथापि, निवडीची याहून नेमकी कसोटी त्यांना कोठेही सापडली नाही.

या कसोटीच्या मागे साधे गणित आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे सरकते. पडद्यावरील एक नाव वाचण्यात दोन सेकंद गेले, तर ३३ मीटर रस्ता न पाहताच कापला जातो. चारचाकीत अशी चूक कदाचित पत्र्यावर निभावते. दुचाकीस्वाराच्या बाबतीत पत्रा आणि कातडी यांत अंतर नसते. शासनालाही हे मान्य असावे. १ ऑक्टोबर २०२० पासून अमलात आलेल्या दुरुस्त नियमाप्रमाणे, वाहन चालवताना फोनसारखे हाती धरण्याचे साधन केवळ मार्ग पाहण्यासाठीच वापरता येते, आणि तेही चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा रीतीने. एकाग्रता हा शब्द कायद्यात यावा, याचे ग्रंथपालांना विशेष वाटले. वाचनालयाच्या भिंतीवरील पाटीचेच हे काम होते.

पहिला उमेदवार खिशातला फोन. त्याच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. तो घरात आधीपासूनच असतो, त्याचा नकाशा बहुधा ताजा असतो, पुढच्या कोंडीची वार्ता त्याला लागते, आणि नकाशा आधी उतरवून ठेवला तर रेंज नसतानाही तो काम देतो. परंतु त्याची घडण तळहातासाठी झाली आहे, हँडलसाठी झालेली नाही. भर उन्हात पडदा फिका पडतो, आणि फार तापला की फोन स्वतःच मंदावतो किंवा बंद होतो. पावसाचे थेंब त्याला बोटांसारखे भासतात, तर जाड हातमोज्यातले खरे बोट त्याला जाणवत नाही. इंजिनाची थरथर हा त्याहून छुपा वैरी. मोटारसायकलच्या शक्तिशाली इंजिनाची तीव्र कंपने हँडलवाटे फोनला सतत पोहोचत राहिली, तर कॅमेऱ्यातील प्रतिमा स्थिर राखणारी नाजूक यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपल कंपनीनेच सप्टेंबर २०२१ मध्ये दिला होता.

दुसरा उमेदवार खास स्वारासाठी घडवलेला. गार्मिन कंपनीचे ‘झूमो’ हे त्यातले परिचित नाव. २०२० मध्ये आलेल्या झूमो एक्सटी या यंत्राचा साडेपाच इंची पडदा उन्हात वाचता येतो, हातमोजे न काढता चालतो, आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास राहिला तरी आत पाणी शिरू देत नाही. पडदा पूर्ण उजळ ठेवल्यास त्याची बॅटरी साडेतीन तासांत संपते. म्हणून गाडीच्या बॅटरीवरून त्याला तार द्यावी लागते. एकूण पाहता हा कसबी वाटाड्या. परंतु पडदा जितका मोठा व सुंदर, तितका डोळा त्याकडे अधिक ओढला जातो, ही अडचण उरतेच.

तिसरा उमेदवार अंगाने अगदी लहान. रॉयल एनफील्डने २०२० मध्ये मीटिऑर ३५० या गाडीवर ‘ट्रिपर’ नावाची एक छोटी गोल तबकडी दिली. तिच्यावर दिसे ते एवढेच: वळणाचा बाण आणि वळणापर्यंतचे अंतर. डोके फोनचे, आणि फोन कोटाच्या आतल्या खिशात, ऊन, पाऊस व थरथर यांपासून दूर. कोणत्याही हँडलवर बसवता येतील अशी त्याच धर्तीची वेगळी यंत्रेही मिळतात. एका नजरेत जेवढे मावते तेवढेच ती दाखवतात.

निर्णयापूर्वी ग्रंथपालांनी सवयीप्रमाणे विषयाच्या मुळाशी जाण्याचे ठरवले. अमेरिकेच्या जीपीएस व्यवस्थेचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये सुटला. १९९५ मध्ये ती व्यवस्था पूर्णत्वाला पोहोचली. नागरिकांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकण्यात आली, आणि तेव्हापासून सामान्य माणसाचा वाटाड्या खऱ्या अर्थाने विश्वासू झाला. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारा प्रत्येक उपग्रह आपले स्थान आणि आपल्या अणुघड्याळातील वेळ अखंड सांगत असतो. हँडलवरचे यंत्र निदान चार उपग्रहांचे हे सांगणे ऐकते, कोणाचा शब्द किती उशिरा पोहोचला यावरून अंतरे काढते आणि त्यावरून आपला ठाव घेते. घड्याळात एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरांची चूक होते. भारताच्या ‘नाविक’ व्यवस्थेतील, २०१३ मध्ये सुटलेल्या पहिल्या उपग्रहाची तिन्ही अणुघड्याळे पुढे बंद पडली, तेव्हा आकाशात असूनही तो स्थान सांगण्याच्या उपयोगाचा राहिला नाही. २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात देशी बनावटीचे अणुघड्याळ बसवण्यात आले.

हे वाचताना त्यांना पंडित नैनसिंग रावतांची आठवण होणे स्वाभाविक होते. १८६५-६६ मध्ये वेष पालटून ल्हासा गाठणारे, आणि १८७४ मध्ये लेहहून पुन्हा ल्हासाकडे निघालेले हे कुमाऊँचे सर्वेक्षक, १०८ ऐवजी १०० मण्यांची माळ हाती धरीत आणि दर शंभर पावलांना एक मणी सारीत. नैनसिंगांनी पावले मोजली, यंत्र क्षण मोजते. अंतर काढण्यासाठी अखेर काही तरी न चुकता मोजीत राहावे लागते. फरक इतकाच की, मोजणारे नैनसिंग स्वतः त्या वाटेवर चालत होते.

ही सगळी माहिती त्यांनी रात्रीच्या जेवणाच्या वेळी घरी सांगितली. पत्नीने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “अहो, म्हणजे तुम्ही कुठं आहात ते मला घरी दिसेल ना?”

दिसणार नव्हते. उपग्रह बोलतो आणि यंत्र ऐकते. यंत्राचे बोलणे उपग्रहाला ऐकू जात नाही. यंत्राला लागलेला ठाव दिल्लीतल्या घरी पोहोचवायचा, तर मोबाईलची रेंज हवी, आणि दारचाच्या पुढे लांबच लांब पट्ट्यांत तिचा भरवसा नसतो. उपग्रहामार्फत उलट संदेश पाठवणारी यंत्रे जगात मिळतात. त्यांवरून संकटात मदतीची हाक देता येते. परंतु भारतात शासनाच्या परवानगीवाचून उपग्रह फोन वा तत्सम संदेशयंत्र बाळगता येत नाही, आणि अजाणता ते सोबत आणणाऱ्या परदेशी प्रवाशांना पोलिसांनी अडकवल्याचे प्रसंग घडले आहेत. तेव्हा त्या दोन दिवसांत स्वाराला आपण कोठे आहोत हे नेमके कळणार होते, आणि ज्या व्यक्तीला ते कळण्याची खरी गरज होती तिला काहीच कळणार नव्हते. एक वाट पाहात जाणार होता. दुसरी वाट पाहात बसणार होती. एकाच क्रियापदाचे हे दोन अर्थ ग्रंथपालांना त्या रात्री प्रथमच वेगळे दिसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीएवढा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, आणि सहा महिन्यांत जे लक्षात आले नव्हते ते आले. ज्या मार्गासाठी हा सारा शोध चालला होता, त्या मार्गावर चुकण्यासारखे फारसे काही नव्हतेच. वाटाड्या लागतो तो दिल्लीच्या उड्डाणपुलांवर, चंदीगढच्या बाह्यवळणावर, घाटाच्या फाट्यावर. एकदा लाहौलमध्ये शिरल्यावर लेहपर्यंत मुख्य रस्ता एकच. तेथे प्रश्न ‘कोणीकडे’ असा नसून ‘केव्हा’ आणि ‘किती’ असा असतो. तांडीच्या पंपावर, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी प्रवाशांच्या ओळखीची आहे. तेव्हा टाकीत किती आणि डब्यात किती, हा पहिला हिशोब. पुढे बारालाचा, आणि त्याच्याही पुढे ५,३०० मीटरांहून उंच तांगलांगला. तेथे श्वास किती पुरेल आणि त्यासाठी वाटेत कोठे किती मुक्काम करावा, हा दुसरा. लाहौलमध्ये ‘पागल नाला’ हे नाव एकाहून अधिक ओढ्यांना दिलेले ऐकू येते, आणि ते सार्थ आहे. सकाळी घोट्याएवढे असलेले पाणी, दिवसभर बर्फ वितळून, दुपारी गुडघ्यापर्यंत येते. नकाशात ती एक बारीक निळी रेघ असते, सकाळीही आणि दुपारीही तेवढीच. जुलै २०२३ च्या पुरात बियास नदीने कुलू-मनालीचा रस्ता जागोजागी तोडून नेला, तेव्हा उपग्रहांचे ज्ञान तसूभरही उणे झाले नव्हते. ते जागा बिनचूक सांगतच होते. त्या जागी रस्ता नव्हता.

निर्णय त्यानंतर सोपा झाला. त्यांनी तिसरा उमेदवार निवडला, बाण दाखवणारा. मोठ्या यंत्राचे जे पैसे वाचले त्यांतून पेट्रोलचा डबा, बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे उपकरण आणि केलाँग व जिस्पा येथील दोन जादा मुक्काम निघाले. एका कागदावर त्यांनी गावांची नावे, अंतरे आणि पोहोचण्याच्या वेळा लिहिल्या. दारचाहून निघण्यापूर्वी फोन करायचा; दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत उपशीहून फोन आला नाही, तरच काळजी करायची, असे ठरले. पत्नीने कागद हाती घेऊन ‘तरच’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि तो फडताळाच्या दाराला आतून चिकटवला.

सप्टेंबर महिन्यात ते निघाले. चंदीगढपर्यंत बाणाने चोख सेवा केली. अटल बोगद्याच्या नऊ किलोमीटरांत उपग्रहांचा शब्द पोहोचत नव्हता. तेथे वळण्यासारखेही काही नव्हते. दारचाला ते दुपारी एकच्या सुमारास पोहोचले. ऊन लख्ख होते, अंगात जोम होता, आणि सरचूपर्यंतचे अंतर खिशातल्या फोनच्या हिशोबाने तीन तासांचे होते. ढाब्याच्या मालकाने चहाचा पेला समोर ठेवला, वर डोंगराकडे पाहिले आणि सांगितले की, आज नको, पहाटे निघा; दुपारनंतर नाले चढतात. ग्रंथपालांनी हँडलवरच्या बाणाकडे पाहिले. तो सरळ पुढे दाखवीत होता. त्यांनी गाडी स्टँडवर लावली आणि मुक्काम केला.

सकाळी सात वाजता ओढ्यात घोट्याएवढेच पाणी होते. पलीकडच्या काठाला, आदल्या संध्याकाळी अडकलेला एक ट्रक चाके रुतून तिरपा उभा होता आणि त्याचा चालक दगडांच्या आडोशाला चूल पेटवीत होता. त्याने हात वर करून दगड कोठे पक्के आहेत ते दाखवले. ओढा पार होण्यास दोन मिनिटे लागली. तेवढ्या वेळात त्यांनी हँडलकडे एकदाही पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला दिल्लीच्या घरात फोन वाजला. पत्नीने विचारले, “कुठं आहात?”

“उपशीला. समोर सिंधू वाहतेय.”

ती जराशी थांबली. मग फडताळाचे दार उघडल्याचा आवाज फोनमधून स्पष्ट ऐकू आला, आणि कागदावर पेन्सिल फिरल्याचाही.