शेलाच्या स्वयंपाकघरात

ग्वाटेमालात स्पॅनिश शिकायला येणारे बहुतेक लोक अँटिग्वा गाठतात. गाव देखणं आहे, १७७३च्या भूकंपात पडलेल्या चर्चच्या भिंती अजून तशाच उभ्या आहेत. पण तिथे कॉफी मागायला तोंड उघडलं की समोरचा इंग्रजीत उत्तर देतो. मला ते नको होतं. म्हणून मी पश्चिमेकडच्या डोंगरातलं केत्साल्तेनांगो निवडलं. जुन्या माया नावावरून सगळे त्याला शेलाच म्हणतात. उंची २,३०० मीटरहून अधिक, संध्याकाळी दात वाजवणारी थंडी. ज्या घरी राहीन तिथे इंग्रजी येणारं कुणी नको, एवढी एकच अट मी शाळेला घातली होती.

सकाळभर एका शिक्षिकेसमोर एकटीनं बसायचं आणि तिन्ही वेळचं जेवण यजमानांकडे, अशी इथल्या शाळांची पद्धत. वर्गात क्रियापदं चालवली, वह्या भरल्या. एका रविवारी सांता मारियाचा डोंगर चढून, १९२२पासून धुमसत असलेला सांतियागितो ज्वालामुखी वरून पाहिला. बाकीचे दिवस माझ्यासाठी एका स्वयंपाकघरात जमा झाले.

घर यजमानीणबाईंचं, पण चूल त्यांच्या सासूबाईंची. आजी किचे माया. अंगात भरतकामाचा विपिल, कमरेला हातमागाचं कोर्ते. सुरुवातीला त्या माझ्याशी जवळजवळ बोलतच नसत. दुपारी मात्र स्वयंपाकघरातून टाळ्या वाजवल्यासारखा थापण्याचा आवाज येई आणि मला वर्गाच्या वहीत लक्ष लागेना. मी सोलापूरची. तो आवाज ऐकत दुसऱ्या खोलीत बसून राहणं मला जमण्यासारखं नव्हतं.

एके दुपारी हात धुतले, आजींच्या शेजारी उभी राहिले आणि पिठाचा गोळा उचलला. मक्याचं पीठ ज्वारीसारखंच, ताण दिला की चिरतं. ते कुठे धरायचं आणि कुठे सोडायचं, हे माझ्या हातांना माहीत होतं. इथली तोर्तिया तळहाताएवढी आणि जाडसर असते. माझी भाकरीएवढी झाली. आजींनी ती कोमालवर, म्हणजे त्यांच्या सपाट तव्यावर टाकली आणि सगळ्या घराला हाक मारून बोलावलं. नातवानं ती एकट्यानं संपवली. त्यानंतर आजी बोलायला लागल्या.

त्यांचं स्पॅनिश छोट्या वाक्यांचं, प्रत्येक शब्द वेगळा ठेवलेलं. तीही त्यांची शिकलेलीच भाषा. पोरवयात डोंगरातल्या गावातून शहरात घरकामाला आल्या, तेव्हा किचेशिवाय काही येत नव्हतं. मालकिणीच्या ओरडण्यातून आणि रेडिओवरून त्या स्पॅनिश शिकल्या. त्यामुळे मी कुठे अडणार हे माझ्या शिक्षिकेआधी त्यांना कळायचं. मी थांबले की त्या शब्द पुरवत नसत, ती वस्तू उचलून दाखवत आणि वाट बघत. असं शिकवणं मी कुठल्याच वर्गात पाहिलं नाही.

तोर्तियाच्या पिठासाठी मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवायचा, सकाळी सालं चोळून धुवायचा आणि ओलाच गिरणीतून दळून आणायचा. हे का करतात याचा मी शोध घेतला. चुन्यामुळे मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. स्पॅनिश लोकांनी अमेरिकेतून मका नेला, ही रीत मात्र नेली नाही. पुढे युरोपात जिथे गरिबांचं पोट नुसत्या मक्यावर भरू लागलं, तिथे या जीवनसत्त्वाच्या अभावानं होणारा पेलाग्रा हा रोग पसरला. खुद्द स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्यानं १७३५मध्ये त्याचं वर्णन लिहून ठेवलं. ही रीत शोधणाऱ्यांना जिंकणाऱ्यांनी अडाणी ठरवलं, याचा मला मनापासून राग येतो.

भूतकाळही मी चुलीपाशीच शिकले. स्पॅनिशमध्ये त्याची दोन रूपं आहेत. 'गेला' आणि 'जायचा' हा फरक मराठी माणसाला वेगळा शिकवावा लागत नाही. आजी भावाबद्दल सांगत होत्या. तो मारिम्बा वाजवायचा, बाजारातून गूळ आणायचा, धाकट्यांना खांद्यावर बसवायचा. मग एक दिवस गेला. तेवढं एकच वाक्य वेगळ्या काळात. १९६० ते १९९६ या काळातल्या यादवीत इथे दोन लाखांवर माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, आणि त्यांतली बहुसंख्य माया होती. मी पुढे काही विचारलं नाही. आजींनीच पुढचा गोळा माझ्या हातात दिला.

शिक्षिकेनं एकदा सांगितलं, तुझ्या बोलण्याला खेड्याचा सूर लागतोय, काढून टाक. मी तो काढला नाही आणि काढणारही नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी बाजारातून शेंगदाणे आणि कोबानकडची धुरावलेली सुकी मिरची आणली. दोन्ही पिकं अमेरिकेतूनच आपल्याकडे आलेली. लसूण, मीठ घालून आजींच्या पाट्यावर शेंगाचटणी वाटली. त्यांनी गरम तोर्तियावर घेऊन चाखली, मीठ वाढवायला लावलं आणि शेंगदाणे किती भाजायचे ते सुनेला नीट समजावून सांग, म्हणाल्या. मी सांगायला बसले. सूनबाई वहीत उतरवून घेत होत्या, मध्येच लसणाचं प्रमाण विचारत होत्या, आणि दाणे करपले की चटणी कडू होते हे मात्र आजींनी माझ्याआधीच सांगून टाकलं.