सारंगखेड्याची अश्वयात्रा

बुलढाणा जिल्ह्यात घोडा आता बहुतांशी शब्दांतच उरला आहे. सिंदखेडराजा येथे लखुजीराव जाधवांच्या वाड्याच्या भव्य प्रवेशद्वारासमोर उभे राहिले की येथून कधीकाळी घोडदळ निघत असेल, हे सहज मनात येते. पण आज त्याच गावात घोडा दिसतो तो लग्नाच्या वरातीत. जैन समाजात दीक्षार्थींची वा तपस्व्यांची मिरवणूक निघते, तिला ‘वरघोडा’ म्हणतात, मग तीत रथ असो वा मोटार. तिसरे तीर्थंकर श्री संभवनाथ यांचे लांछन अश्व. मंदिरात नित्य दृष्टीस पडणाऱ्या या प्राण्याशी प्रत्यक्ष परिचय मात्र फारसा कोणाचा राहिलेला नाही.

खामगावच्या एका सराफ कुटुंबातील नातवाला हा परिचय हवा होता. पुण्याच्या वसतिगृहात राहून तो घोडेस्वारी शिकू लागला होता. सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंह, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला या चौघांनी ‘ड्रेसाज’ प्रकारात सांघिक सुवर्णपदक मिळवले. अश्वक्रीडेत भारताला ४१ वर्षांनी लाभलेले ते सुवर्ण! छेडा, अगरवाला ही आडनावे व्यापारी घरांना परकी वाटणारी नव्हेत. त्यामुळे खामगावच्या पेढीवरही त्या आठवड्यात चांदीच्या भावाइतकीच घोड्यांची चर्चा झाली. हांगझोऊ दूर, सारंगखेडा जवळ. मार्गशीर्ष पौर्णिमेचा मुहूर्त साधून आजोबा, सून आणि नातू शेगावहून भुसावळला, तेथून सुरत मार्गावरील गाडीने दोंडाईचास व पुढे रस्त्याने तापीकाठी पोहोचले.

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील या गावी दत्तजयंतीपासून एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा मोठा बाजार. अलीकडे ‘चेतक महोत्सव’ या नावाने अश्वस्पर्धाही होतात. कानांची टोके आत वळून एकमेकांना भिडू पाहणारा मारवाडी, त्याचाच सौराष्ट्रातील भाऊबंद काठेवाडी, पंजाबकडील पांढराशुभ्र नुकरा असे नाना जातींचे घोडे येथे येतात. यात्रेला खरा रंग दिवस मावळताना चढतो; चौविहार पाळणाऱ्यांनी शिदोरी बरोबर घेऊन जेवण वेळेत उरकावे, हे बरे. या कुटुंबाने खाकरा आणि दशमीवर भागवले.

एका विक्रेत्याने आजोबांना हाक दिली, “शेठजी, दात बघून घ्या. पंचकल्याणी आहे!” चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला घोडा तो पंचकल्याणी. सूनबाईंना हसू आले. घरी पंचकल्याणक म्हणजे च्यवन, जन्म, दीक्षा, केवलज्ञान आणि निर्वाण. शब्द एकच घराण्यातले, संसार किती वेगळे!

मैदानावर रेवाल चालीची परीक्षा चालू होती. घोडा वेगाने जातो, पण पाठ हलत नाही. स्वाराच्या हातातील पेल्यामधले पाणी सांडू नये, अशी कसोटी जुने जाणकार सांगतात. एक करडा घोडा असा गेला की पाहणाऱ्यांनी श्वास रोखला. त्याच्या मागोमाग आलेल्या घोड्याच्या ओठाच्या कडेला मात्र रक्त होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांचे हात मांडीवरच राहिले.

श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार प्रतिक्रमणात नित्य आठवले जातात : बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधणे, मारणे, अंग छेदणे, अधिक भार घालणे, चारापाणी तोडणे. हे पाचही दोष पाळीव जनावराच्या संदर्भात किती तंतोतंत लागू पडतात, ते घोडेबाजारात उभे राहिल्यावाचून कळत नाही. काटेरी लगाम भारतात १९६५ च्या नियमांनी निषिद्ध आहे. आंतरराष्ट्रीय ड्रेसाजमध्ये घोड्याच्या अंगावर ताजे रक्त दिसले तर स्वार स्पर्धेतून बाद होतो. तेथेही सारे निर्मळ आहे असे नव्हे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपूर्वी ब्रिटनच्या शार्लट डुजार्डिन या तीन सुवर्णपदके मिळवलेल्या स्वाराने माघार घेतली, कारण सरावात घोड्याच्या पायांवर चाबूक मारला जात असल्याची त्यांची जुनी चित्रफीत बाहेर आली. नियम आहे म्हणून निदान प्रश्न तरी विचारला गेला.

नातवाचे लक्ष मात्र एका तांबूस शिंगरावर जडले होते.

“दादाजी, हे घेऊ या.”

“पंधरा कर्मादानांत केशवाणिज्य येते, ठाऊक आहे ना? केसाळ जिवांचा व्यापार श्रावकाने करू नये.”

“पण आपण विकणार कुठे? पाळणार.”

हा युक्तिवाद बिनतोड होता आणि आजोबांनी तो मान्यही केला. मग त्यांनी सराफाप्रमाणे हिशेब मांडला. खामगावच्या गल्लीत ते राहणार कोठे? तू पुण्यात, मग त्याला रोज फिरवणार कोण? दुकानातला मुलगा दिवाळीत गावी गेला, तर त्या दिवशी पाणी कोण दाखवणार? “बंध पहिल्याच दिवशी, अन्नपाननिरोध पहिल्या सणाला,” ते म्हणाले.

नातू बराच वेळ बोलला नाही. सूनबाईंनी विक्रेत्याला विचारले की शिंगराची आई कोणती. ती शेजारीच बांधलेली होती. मुलाने खिशातील पैशांतून हिरव्या चाऱ्याच्या दोन पेंढ्या घेतल्या, एक आईपुढे टाकली, एक शिंगरापुढे. विक्रेत्याला याचे नवल वाटले. गिऱ्हाईक नव्हे, तरी चारा!

अंधार पडू लागला तशी मैदानातील माणसे पाळण्यांकडे वळली. ओठ फाटलेल्या त्या घोड्याला त्याचा पोऱ्या तापीवर पाणी पाजायला नेत होता. नातू त्यांच्यामागून काठापर्यंत गेला. पोऱ्याने लगाम काढला, घोड्याने पाण्याला तोंड लावले आणि एकदम मागे घेतले. मग हळूहळू पिऊ लागला. गाडीची वेळ होत आली होती. आजोबा वर रस्त्यावर उभे होते. त्यांनी हाक मारली नाही.