चालतंय ना, मग उघडायचं कशाला?

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक नियम सगळे पाळतात: जे चालतंय त्याला हात लावायचा नाही. शुक्रवारी संध्याकाळी तर अजिबातच नाही! एखादा सर्व्हर चारशे दिवस रीस्टार्ट न करता चालला तर आम्ही ते कौतुकाने सांगतो.

हे ऐकून माझा मामा पोट धरून हसला. "म्हणजे आत काय झालंय ते चारशे दिवस कुणी बघितलंच नाही की!"

मामा साखर कारखान्यात फिटर आहे. आमच्या भागात सहकारी कारखाने दोन. जुन्नरमध्ये निवृत्तीनगरचा 'विघ्नहर' (ओझरच्या गणपतीचं नाव) आणि आंबेगावात पारगावजवळचा 'भीमाशंकर'. गळीत हंगाम साधारण दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मग गिरणी दिवसरात्र फिरते. ती थांबली की बाहेर ट्रॅक्टरची रांग लागते. तोडलेला ऊस उन्हात वाळून वजनाला घटतो आणि त्यातली साखरही कमी होते. वजन घटलं की शेतकऱ्याचं बिल घटलं. एका बेअरिंगचा हिशेब असा थेट फडापर्यंत जातो.

म्हणून हंगाम संपला की ओव्हरहॉलिंग. रोलर बाहेर काढून झिजलेले दात वेल्डिंगने भरतात. बगॅसबरोबर भट्टीत माती-वाळूही जाते, ती राखेतून उडत बॉयलरच्या नळ्या घासत राहते, म्हणून नळ्यांची जाडी मोजतात. पाण्याच्या दाबाची चाचणी होते, बाष्पके संचालनालयाचा निरीक्षक येतो, त्याच्या दाखल्याशिवाय बॉयलर पेटत नाही. आणि प्रत्येक टप्प्याला पूजा! आधी मिल रोलर पूजन, मग बॉयलर अग्निप्रदीपन, शेवटी मोळी. आम्ही फक्त रिलीजला केक कापतो. मेंटेनन्सला नारळ फोडणारी मंडळी मला आवडली.

"मग दरवर्षी सगळंच खोलता?" मी विचारलं.

"येडा का काय? नीट चाललेला गिअरबॉक्स उगाच खोलला तर जोडताना बिघडायचा. त्याचं तेल बघायचं, हात लावून ताप बघायचा, आवाज ऐकायचा. आणि सोडून द्यायचा."

मामाला ठाऊक नाही, पण दुसऱ्या महायुद्धात वॅडिंग्टन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हेच आकड्यांत पाहिलं होतं. विमानांची ठरलेली तपासणी झाली की लगेच बिघाड वाढायचे. पुढे १९७८ साली नोलन आणि हीप यांनी अमेरिकन विमानसेवेचा अनुभव मांडला: बहुतेक भागांचं बिघडणं वयावर अवलंबून नसतं, त्यामुळे ठरावीक तासांनी खोलून फायदा नाही. त्यापेक्षा भागाची अवस्था बघा.

आता मुद्दा असा, की मामा पुढच्या वर्षी रिटायर होतोय. कंपन मोजणारे सेन्सर बाजारात मिळतात, बसवतीलही. पण सेन्सर आकडा देतो. 'हा पंप पहिल्यापासून असाच गुरगुरतो, त्याच्याकडे लक्ष देऊ नका आणि शेजारचा गप्प झाला तर मात्र पळा' हे मामाच्या कानात आहे. ऑफिसच्या रजिस्टरात काय दुरुस्त केलं ते लिहिलेलं असतं. काय बघितलं आणि का सोडून दिलं, ते कुठेच नसतं. (आमच्या टिकेट सिस्टीममध्ये तरी कुठे असतं म्हणा!)

म्हणून सध्या वीकांताला नारायणगावला जातो, मामा बोलतो आणि मी लॅपटॉपवर टाइप करतो. रकाने तीन: मशीन, काय बघितलं, का सोडलं. मामा आधी म्हणाला, "लिहून कुठं ऐकू येतं व्हय?" बरोबरच आहे. पण निदान नव्या पोराला कुठे कान लावायचा ते तरी कळेल.

आत्तापर्यंत सत्तावीस मशीन झाली. बॉयलर हाऊस अजून बाकी आहे, आणि मामी म्हणते की आता चहाचे पैसे लावणार.