राखायचं झाड आधी

बदलापूरहून बारवी धरणाकडे निघालं की रस्त्याकडेला साग दिसू लागतो. पावसाळ्यात त्याची पानं हातभर रुंद होतात आणि ऑक्टोबरपर्यंत अळी त्यातल्या बऱ्याच पानांच्या फक्त शिरा शिल्लक ठेवते. येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर पानांवर थांबते. वनखात्यात उमेदवारी केलेला माणूस मात्र मान वर करतो. शेजारशेजारच्या झाडांचे शेंडे एकमेकांत घुसलेत का, मधून आभाळ किती दिसतं, जिवंत फांद्या किती उंचीवर सुरू होतात? या तीन गोष्टी पाहिल्या की विरळणीची वेळ आली आहे, की निघून गेली आहे, हे त्याला कळतं.

लावलेल्या सागाचं गणित सुरुवातीला सोपं असतं. दोन-दोन मीटरवर जडी, म्हणजे शेंडा-मुळं छाटलेलं रोप, लावली की हेक्टरी 2500 रोपं बसतात. एवढी दाटी मुद्दाम केलेली असते. झाडं उजेडासाठी सरळ वर धावतात, खालच्या फांद्या लवकर गळतात, तण दबतं आणि पुढे निवडायला वाव राहतो. पहिल्या विरळणीत तिरप्या ओळींपैकी एकाआड एक ओळ काढली की 1250 उरतात. दुसऱ्या वेळी सरळ ओळी तशाच काढल्या की 625, आणि अंतर चार-चार मीटर. केरळातल्या निलांबूरला, जिथे 1840च्या दशकात मलबारचे कलेक्टर कोनोली आणि चातू मेनन यांनी सागाची लागवड उभी केली, तिथल्या पद्धतीत या दोन विरळण्या साधारण चौथ्या आणि आठव्या वर्षी येतात. इथवर दोरी धरता येणाऱ्या कोणालाही हे काम जमेल.

तेराव्या, विसाव्या, तिसाव्या वर्षी मात्र दोरी कामाला येत नाही.

मार्किंगला निघालेला नवखा वनरक्षक तोडायचं झाड शोधत फिरतो. वाकडं, रोगट, दुबेळक्याचं झाड त्याला लगेच सापडतं आणि हातोड्याचा शिक्का बसतो. मुरलेला वनपाल उलट्या बाजूनं सुरुवात करतो. राखायचं झाड तो आधी ठरवतो. बुंधा सरळ हवा, डोई भरगच्च आणि चहूबाजूंनी सारखी हवी. मग त्याच्या शेंड्याला कोण खेटतंय ते बघायचं. पुष्कळदा खेटणारं झाडही देखणंच निघतं, आणि शिक्का त्याच्यावरच मारावा लागतो. खाली दबलेलं किरटं झाड कोणाच्या उजेडाच्या आड येत नाही. ते काढून जमीन स्वच्छ दिसते खरी, पण वरच्या झाडांना त्याचा फारसा उपयोग होत नाही. साहेबाच्या तपासणीत मात्र अशी साफसफाई फार खुलून दिसते!

विरळणीनं जंगल एकूण जास्त लाकूड देतं, असा एक समज आहे. प्रत्यक्षात मर्यादेत केलेल्या विरळणीनं हेक्टरी वाढ साधारण तेवढीच राहते. पंगतीत माणसं कमी केली तरी भात तेवढाच शिजतो, फक्त प्रत्येकाच्या पानात जास्त पडतो. उंची ठरते ती मुख्यतः माती-पाण्यावर. विरळणीनं बदलतो तो घेर, आणि लाकडाचा भाव घेरावर असतो.

युरोपात हाच खेळ स्प्रूसशी चालतो. व्हायोलिनची पुढची फळी बनते तो हा सूचिपर्णी वृक्ष. दाटीत वाढलेला स्प्रूस उंच नि सडपातळ होतो, त्याची मुळं उथळ असतात आणि शेजाऱ्यांच्या आधारानं तो उभा राहतो. उशिरा आणि एकदम जोरात विरळणी केली की हा आधार जातो. जानेवारी 2005मध्ये दक्षिण स्वीडनमध्ये एका वादळात सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड आडवं झालं, त्यात बहुतांश स्प्रूस होता. शिवाय ताज्या बुडख्यावर बुरशी रुजते आणि मुळांवाटे शेजारच्या झाडात शिरते, म्हणून तिथे तोडल्या तोडल्या बुडख्यावर औषध फवारतात.

सागाची दुखणी वेगळी. त्याला उजेड हवा असतो, आणि उशीर झाला तर आखडलेली डोई पुन्हा पसरत नाही. घाईनं फार मोकळं केलं तर बुंध्यावर कोंब फुटतात, गवत माजतं आणि उन्हाळ्यात वणव्याला आयतं सरपण मिळतं.

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात या साऱ्याचा निकाल फळीच्या टोकाला वाचता येतो. सागात वर्षाची कडी स्पष्ट दिसते. अरुंद कड्या म्हणजे दाटीची वर्षं, आणि पुढे त्या रुंदावल्या तर बहुधा मधे कुऱ्हाड फिरलेली असते. बारीक रेषांचा साग तो कसदार, असं सुतार सांगतात. स्प्रूसबाबत ते बरोबर आहे, रुंद कडीचं स्प्रूस हलकं निघतं. सागात मोठ्या छिद्रांचा पट्टा कडीच्या सुरुवातीला असतो आणि कडी रुंद झाली म्हणून तो फारसा वाढत नाही, वाढतो तो घट्ट भाग. म्हणजे जोमानं वाढलेला साग कमकुवत असेलच असं नाही. सुतारांचा दुसरा आक्षेप मात्र पक्का आहे. कोवळ्या झाडात गाभा थोडा आणि भोवतीचं पांढरं लाकूड फार, आणि वाळवी ते सोडत नाही. आफ्रिकेतल्या आणि लॅटिन अमेरिकेतल्या लागवडींतून भारतात येणाऱ्या कमी घेराच्या ओंडक्यांतही हेच पांढरं लाकूड भरपूर असतं.

अंबरनाथ-बदलापूरकडे कोणी शेताच्या बांधावर साग लावला असेल, तर त्याच्या वाटेत आणखी एक पायरी असते. 1964च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीत साग आहे. स्वतःच्या जमिनीतलं झाडही परवानगीशिवाय पाडता येत नाही आणि माल हलवायला वाहतूक पास लागतो. पहिल्या विरळणीतून निघतात ते बारीक वासे, मंडपाला नाहीतर कुंपणाला जाणारे. त्यांच्यासाठी एवढे हेलपाटे कोण घालणार? म्हणून काम पुढच्या साली ढकललं जातं, आणि साग तोवर थांबत नाही. ज्यांनी वेळेवर तोडलं त्यांनाही पाऊस पडताच बुडख्यांवर फुटवे आलेले दिसतात. ते पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत खुडावे लागतात, त्यामुळे ही मजुरी तोडणीच्या खर्चातच धरलेली बरी.