टोपली उघडी राहिली

लोकरीच्या गुंड्याशी खेळणारे मांजराचे पिल्लू हे चित्र आपण सर्वांनी पाहिलेले असते. भिंतीवरच्या कॅलेंडरावर, शुभेच्छापत्रांवर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांवर, मुलांच्या रंगवायच्या वह्यांत ते हमखास भेटते. गुंडा अर्धा सुटलेला, धागा पिल्लाच्या पंजांत गुंतलेला, आणि पिल्लाच्या चेहऱ्यावर खोडी पकडली गेल्याचा भाव. ह्या चित्रात एक गोष्ट मात्र कधीच नसते. ज्या हाताने तो गुंडा मांजराच्या वाटेत ठेवला, तो हात चित्राबाहेर असतो. आमच्या घरी हे चित्र एकदा प्रत्यक्षात उतरले, तेव्हापासून आम्ही त्या हाताचाच विचार अधिक करतो.

आम्ही म्हणजे दोघी बहिणी. थोरली दोन सुयांवर विणते, धाकटी क्रोशाच्या एका सुईवर. दोन्ही कामे लोकरीची असली तरी त्यांची जात वेगळी आहे. दोन सुयांच्या विणकामात ओळीतले सगळे टाके एकाच वेळी सुईवर उघडे असतात; एक जरी निसटला तरी तो खालपर्यंत शिडीसारखा उसवत जातो. क्रोशात प्रत्येक टाका तिथल्या तिथे बंद होतो आणि सुईवर एकच उघडा राहतो. साखळी, मुका खांब, खांब असे करीत काम पुढे सरकते आणि कोणत्याही क्षणी ते खाली ठेवून उठता येते. घरात मांजरे असली म्हणजे ह्या फरकाला महत्त्व येते. भिंगरी मांडीवर येऊन बसली की थोरलीला ओळ पुरी होईपर्यंत हात आखडून विणावे लागते. धाकटी मात्र काम बाजूला ठेवून तिला जागा करून देते. सखाराम नावाचा आमचा बोका कोणाच्याच मांडीवर बसत नाही. तो विणून झालेल्या भागावर बसतो.

2022 च्या दिवाळीच्या सुमारास आमच्या भाचीला, म्हणजे भावाच्या मुलीला, बाळ होणार होते. बाळंतविडा आत्यांनी करायचा हे कोणी न सांगता ठरलेले होते. स्वेटर, टोपडे आणि पायमोजे थोरलीकडे, दुपटे धाकटीकडे. दुपट्याचे 36 चौकोन, प्रत्येकात पिवळा, पांढरा आणि फिकट हिरवा असे तीन रंग. बाजारात तयार स्वेटर ह्याहून स्वस्त मिळतात आणि कदाचित अधिक नीटसही असतात, हे आम्हांला ठाऊक आहे. हाताने केलेली भेट देणारा माणूस वस्तूबरोबर आपले काही तास देत असतो, आणि ते परत मिळत नाहीत. एवढ्या एका जाणिवेवर हा सारा खटाटोप चालतो.

श्रावणातल्या एका सकाळी भिंगरीने दूध तोंडाला लावले नाही. दुपारी ती दोनदा ओकली आणि कपाटामागे जाऊन बसली. संध्याकाळी तिला बाहेर काढून तोंड उघडून पाहिले, तेव्हा जिभेच्या मुळाशी पिवळ्या लोकरीचा एक तंतू दिसला. हात आपोआप तो ओढण्यासाठी पुढे झाला. सुदैवाने दुसरीने तोवर जनावरांच्या डॉक्टरबाईंना फोन लावला होता आणि त्यांचे पहिले वाक्य होते, "अहो, ओढू नका, काहीही झाले तरी ओढू नका, तशीच घेऊन या."

त्यामागचे कारण त्यांनी नंतर समजावून सांगितले. मांजराच्या जिभेवर मागच्या बाजूला वळलेले बारीक काटे असतात. अंग चाटून साफ करण्यासाठी ते उत्तम, पण त्यांच्यावर चढलेला धागा बाहेर थुंकता येत नाही; तो आतच सरकत जातो. मग त्याचे एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठराच्या तोंडाशी अडकते आणि दुसरे आतड्यात उतरते. आतडे आपल्या नेहमीच्या लाटांनी तो पुढे ढकलू पाहते. धागा हलत नाही, म्हणून आतडेच त्याच्यावर चढत जाते. परकराच्या नेफ्यातली नाडी ओढल्यावर पडतात तशा त्याला चुण्या पडतात आणि ताणलेला धागा आतून करवतीसारखा आतडे कापू लागतो. बाहेरून ओढले तर तेच काम अधिक वेगाने होते. ही सगळी माहिती आम्ही उभ्याने ऐकली. विणणाऱ्या माणसाला ती समजायला अवघड नव्हती. एका अखंड धाग्याच्या ताणाने कापड कसे आवळते, हे आम्ही रोज हातांनी अनुभवत होतो.

त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. जठराला एक आणि आतड्याला दोन छेद घ्यावे लागले. डॉक्टरबाईंनी निघालेला धागा ताटलीत सरळ करून दाखवला. तो सुमारे 60 सेंटिमीटर होता.

घरी परतताना रिक्षात आम्ही एकमेकींशी काय बोललो ते अजून आठवते. "टोपली उघडी राहिली वाटतं," एक म्हणाली. "हो, आणि हिने नेमकी लोकर गिळली," दुसरी म्हणाली. त्यावर आम्ही गप्प बसलो.

ही दोन वाक्ये पुढे कित्येक दिवस आमच्या डोक्यात राहिली. शाळेत प्रयोग शिकवताना देतात तशी ती उदाहरणे आहेत. 'मांजरीने लोकर गिळली' हा कर्मणी प्रयोग. त्यात कर्त्याला 'ने' प्रत्यय लागून तो ठळक उभा राहतो. करणारी कोण, याविषयी संशयाला जागाच नाही. 'टोपली उघडी राहिली' हा कर्तरी प्रयोग, आणि त्यातला कर्ता कोण? टोपली. राहण्याची क्रिया टोपलीने केली. आमच्या बोलण्यात अशी वाक्ये किती असतात! काच फुटली, दूध उतू गेले, फोन करायचा राहून गेला. मराठीची ही सोय मोठी दयाळू आहे. माणसामाणसांतले पुष्कळसे कटू प्रसंग तिने टाळले असतील. पण त्या रात्री आमच्या लक्षात आले, की ही दया आम्ही स्वतःपुरती वापरली आणि मांजरीला 'ने' प्रत्यय दिला.

असे करणाऱ्या आम्ही पहिल्या नव्हेत. लुइस कॅरलचे 'थ्रू द लुकिंग-ग्लास' हे 1871 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेले पुस्तक लोकर आणि मांजर यांच्यापासूनच सुरू होते. ॲलिस आरामखुर्चीत अर्धवट झोपेत आहे, तिने गुंडाळायला घेतलेली लोकर काळ्या पिल्लाने सोडवून टाकली आहे, आणि निवेदक आरंभीच सगळा दोष त्या पिल्लावर ठेवतो. मग ॲलिस पिल्लाला समोर बसवून त्याचे अपराध मोजून दाखवते. लोकर सोडवणे हा त्यांतला तिसरा. लहानपणी आम्हांला तो प्रसंग केवळ गोड वाटला होता. पुन्हा वाचताना एक गोष्ट दिसली. ॲलिस गुंडा परत गुंडाळायला घेते आणि कसे दिसते ते पाहावे म्हणून लोकरीचे दोन-तीन वेढे पिल्लाच्याच गळ्यात घालते. त्या झटापटीत गुंडा खाली पडतो आणि लोकर पुन्हा कित्येक वार सुटते. म्हणजे दुसऱ्या वेळी ती कोणी सोडवली, हे कॅरलने वाचकासमोर उघड ठेवले आहे. आरोप मात्र पिल्लावरचाच लक्षात राहतो. कॅलेंडरावरच्या चित्रात आणि ह्या पानांत तेवढाच फरक आहे: इथे हात चित्रात आहे, पाहणारे आपण त्याला पाहत नाही.

याहून कठोर गोष्ट आपल्याकडची आहे. बंगालात षष्ठी ही मुलांचे रक्षण करणारी देवी, आणि तिचे वाहन मांजर. तिच्या व्रतकथेत एका घरची धाकटी सून चोरून खाते आणि दर वेळी नाव मांजराचे सांगते. मांजर तो खोटा आळ सोसते आणि अखेर देवीकडे गाऱ्हाणे नेते. सुनेला मूल झाले की ते रात्री नाहीसे होऊ लागते. मांजर ते उचलून षष्ठीपाशी नेऊन ठेवत असते. सून त्या मांजराची क्षमा मागते तेव्हाच तिची मुले तिला परत मिळतात. महाराष्ट्रात हीच षष्ठी सटवाई झाली. बाळाच्या सहाव्या रात्री ती कपाळी लेख लिहून जाते असे आपण मानतो, पण मांजर आपल्या कथेतून वाटेत कुठेतरी गळाले. आमच्यासमोर मात्र त्या श्रावणात दोन्ही होते: न जन्मलेल्या बाळासाठी विणायला घेतलेला बाळंतविडा आणि पोट शिवलेली मांजर. आम्ही फारशा देवभोळ्या नाही. तरीही ती कथा आठवली आणि अंगावर काटा आला.

भिंगरी तिसऱ्या दिवशी घरी आली. मांजर काही दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साठू लागते, म्हणून तिला सिरिंजने थोडेथोडे पातळ अन्न द्यायचे होते. दर चार तासांनी, रात्रीसुद्धा. टाके चाटू नयेत म्हणून जुन्या गंजिफ्रॉकला भोके पाडून तिला ते घातले. लोकरीचे काही विणून तिच्या अंगावर चढवण्याचा धीर आम्हांला झाला नाही. खरे तर लोकर पुन्हा हातात घेण्याचाच धीर नव्हता. पण दोन वाजताचे भरवणे झाले की सहापर्यंत झोप येत नसे, आणि रिकाम्या हातांनी बसून मांजरीचा श्वास मोजण्यापेक्षा सुया बऱ्या वाटल्या. स्वेटरच्या दोन्ही बाह्या आणि दुपट्याचे निम्मे चौकोन त्या रात्रींत झाले. बाळंतविड्यात आपण आपले तास देतो असे वर म्हटले. त्यांतले पुष्कळ तास मुळात भिंगरीचे होते, हे भाचीला अजूनही ठाऊक नाही.

शेवटी राहिले ते टोके आत ओवण्याचे काम. विणणाऱ्या कोणालाही विचारा, हे सर्वांत कंटाळवाणे काम. 36 चौकोन, प्रत्येकी तीन रंग, प्रत्येक रंगाची सुरुवातीची आणि शेवटची अशी दोन टोके, एकूण 216. प्रत्येक टोक मोठ्या नाकाच्या सुईत ओवून उलट बाजूच्या टाक्यांतून एकदा पुढे आणि एकदा मागे न्यायचे, मग कापायचे. सुलट बाजूने त्याचा मागमूस दिसत नाही, म्हणून कौतुकही होत नाही. आमची आई कोणाचेही भरतकाम वा विणकाम हातात आले की आधी ते उलटे करून पाही. तेव्हा ती शिष्टाई वाटे. आता उमगते, की ती हात बघत होती. सुटे राहिलेले टोक तान्ह्या बाळाच्या बोटाभोवती गुंडाळले जाऊन रक्त अडवू शकते. मांजराचे काय होऊ शकते ते आम्ही ताटलीत पाहिले होते. 216 टोकांना आम्हांला सहा संध्याकाळ लागल्या. कापलेले तुकडे झाकणाच्या बरणीत जात होते, आणि सखाराम त्या बरणीकडे डोळे लावून बसे.

त्या सहांपैकी एका संध्याकाळी एकीने मान वर न करता म्हटले, "टोपली मी उघडी ठेवली होती." थोडा वेळ गेला. दुसरी म्हणाली, "मी पाहिली होती, झाकली नाही." ह्यावर आम्ही पुढे काही बोललो नाही, पण काम हलके झाले. हा लेख 'आम्ही' ह्या सर्वनामात लिहिला आहे तो त्या संध्याकाळच्या बळावर. तोपर्यंत आमच्या 'आम्ही'त कोणीच नव्हते. दोघींनी एकमेकींच्या आड उभे राहण्याची ती जागा होती. दोन 'मी' वेगवेगळे उच्चारले गेले, मगच तो शब्द वापरण्याचा हक्क आम्हांला मिळाला असे वाटते. व्याकरणात ह्याचा नियम बहुधा नसावा.

बारशाला बाळंतविडा पोचला. भाचीने दुपटे उलगडले, "आत्या, किती सुंदर!" म्हणाली, आणि मग काय सुचले कोण जाणे, ते उलटे करून पाहिले. आजीची नात. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले नाही.

भिंगरीच्या पोटावरचे केस पुन्हा आले. खालचा व्रण हाताला लागतो. लोकरीवरचे तिचे प्रेम तसूभरही कमी झालेले नाही. तिने ते का कमी करावे? टोपलीला आम्ही कडीचे झाकण बसवून घेतले आहे. रात्री दिवा मालवण्याआधी एकजण विचारते, "टोपली?"

"झाकली मी," दुसरी सांगते.