वाघ्याचा गुडघा



गेले अडीच महिने उसाच्या नोंदी कमी आल्या. बऱ्याच जणांनी विचारलं, काय झालं? झालं ते आमच्या वाघ्याचं. आज त्याचीच नोंद लिहितो. वस्तीवर कुत्रं सगळ्यांकडंच असतं, कुणाला तरी उपयोग होईल.

वाघ्या जर्मन शेफर्ड आणि गावठी यांचा क्रॉस. वय सहा वर्षं, वजन तेव्हा 38 किलो. सप्टेंबरात मक्याची कणसं भरत होती. रात्री रानडुकरं आली, हा मागं सुटला आणि बांधावर वळताना एकदम केकाटला. सकाळी बघतो तर मागचा उजवा पाय उचललेला. उभा राहिला तर नुसती बोटं टेकवायचा, बसताना पाय दुमडायचा नाही, बाजूला टाकून बसायचा. मुरगळला असेल म्हणून हळद लावली आणि आठ दिवस घालवले. ही पहिली चूक.

डॉक्टरांनी एका हातात मांडीचं हाड धरलं आणि दुसऱ्या हातानं खालचं नळीचं हाड पुढं ढकललं. टेबलाचा खण सरकावा तसं ते सरकलं. म्हणाले, "गुडघ्यातलं लिगामेंट तुटलंय." कुत्र्याच्या नळीच्या हाडाचा माथा मागं उतरता असतो. लिगामेंट तुटलं की प्रत्येक पावलाला मांडीचं हाड त्या उतारावरून घसरतं. लहान कुत्रं काही वेळा विश्रांतीवर चालायला लागतं, पण एवढ्या वजनाच्या कुत्र्याला बहुतेक वेळा ऑपरेशनच लागतं. त्यात हाडाचा माथा गोलाकार कापतात, थोडा फिरवून उतार कमी करतात आणि प्लेट-स्क्रूनं बसवतात. आपल्या भाषेत सपाटीकरण.

खर्च एक एकर उसाच्या लागणीएवढा. गावात लोक हसले. "कुत्र्यावर एवढं? उद्या दुसरं आण की!" माझाही हात आखडला होता, खोटं कशाला सांगू. पण आण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "सहा वर्षं रान राखलंय त्यानं. आता आपली पाळी." विषय संपला.

ऑपरेशन एका दिवसाचं. खरं काम घरी आल्यावर सुरू झालं. आम्ही केलं ते असं:

पहिले तीन-चार दिवस बर्फ फडक्यात गुंडाळून 10 मिनिटं, दिवसातून तीनदा. टाके चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं. टाके 14 व्या दिवशी निघाले.

शहाबादी फरशीवर पाय घसरतो, म्हणून घरभर पोती आणि सतरंज्या. करडांची जाळी लावून सोप्यात कोपरा अडवला. पायरी नाही, उडी नाही.

बाहेर नेताना आण्णांचं जुनं धोतर पोटाखालून घालून मागचा भार उचलून धरायचा. पहिले दोन आठवडे फक्त लघवी-संडासपुरतं, पाच मिनिटं, दोरीला धरून. पुढं दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवायची. आणि चालवायचं अगदी सावकाश. घाईनं नेलं की तो तीन पायांवर पळतो, सावकाश नेलं की चौथा टेकवावाच लागतो.

भाकरी एक-चतुर्थांश कमी केली. जास्तीचं वजन म्हणजे गुडघ्यावर रोजचं ओझं.

गोळ्या फक्त डॉक्टरांनी दिलेल्या. आपल्या घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन कुत्र्याला कधीच देऊ नका, जीव जाऊ शकतो.

चौथ्या आठवड्यात वाघ्या झकास चालायला लागला. शेपूट हलवतोय, जाळीवर पाय ठेवतोय. आणि इथंच आम्ही फसलो. दसऱ्याच्या दोन दिवसांनंतर मी कारखान्यावर गेलो होतो. आण्णांना दया आली. "मुकं जनावर किती दिवस कोंडून ठेवायचं?" म्हणून त्यांनी दोरी सोडली. समोरून मांजर गेलं, हा सुसाट. परत आला तो पाय उचलूनच.

मी आलो आणि आण्णांना नको ते बोललो. पैशाचंही बोललो. ते काहीच बोलले नाहीत, रात्री जेवलेही नाहीत.

एक्स-रेत प्लेट जागेवर होती, नुसती सूज होती. नशीब. डॉक्टरांनी परत पहिल्या आठवड्यासारखं चालवायला सांगितलं आणि म्हणाले, "दुखणं थांबतं आधी, हाड जुळतं नंतर. मधले दिवस सगळ्यात धोक्याचे." हे मला आधी कळायला हवं होतं. आंब्याच्या कलमाला पालवी फुटली म्हणून आपण लगेच पट्टी सोडतो का? आतला जोड अजून कच्चा असतो. आणि हे मी आण्णांना समजावून सांगितलंच नव्हतं, नुसतं "सोडू नका" म्हणालो होतो. चूक त्यांच्या एकट्याची नव्हती. दुसऱ्या दिवशी तसं त्यांना म्हणालो. ते एवढंच म्हणाले, "आण ती दोरी हिकडं."

तिथनं पुढं वाघ्याचं चालवणं आण्णांनी घेतलं. त्यांचेही गुडघे दुखतात, त्यामुळं चाल आपोआप सावकाश. मी घड्याळ लावून धरायचो, ते उसाच्या सऱ्या मोजायचे. दिवाळीत फटाक्यांनी बिथरून उडी मारू नये म्हणून दारं लावून रात्री त्याच्याजवळ बसले.

परवा दहा आठवडे झाले. एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं. वजन 34 वर आलंय. अजून महिनाभर मोकळं सोडायचं नाही. पुष्कळ कुत्र्यांचा दुसराही गुडघा पुढं जातो, म्हणून वजन सांभाळायचं आणि डुकरांमागं पाठवायचं नाही. मक्याला आता झटका मशीन लावणार आहे.

म्हणजे रान राखायला वाघ्या आता फारसा उपयोगाचा नाही. आण्णांना तसं म्हणालो तर म्हणाले, "मी तरी कुठं हाय?"

दोघं आत्ता बांधावर गेलेत. वीस मिनिटांची पाळी आहे.