सावलीचं माप

औरंगाबादच्या आमच्या वाड्यात मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आजोबा भर दुपारी अंगणात मुसळ उभं करायचे. आम्ही सुट्टीला जमलेली सगळी भावंडं भोवती उकिडवी बसायचो. मुसळाची सावली आक्रसत आक्रसत बुंध्याशी यायची आणि एका क्षणी नाहीशीच व्हायची. आजोबा म्हणायचे, "बघा, गेली पोटात." पुढे भूगोलात कळलं की कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या गावांना असे शून्य सावलीचे दिवस वर्षातून दोनदा येतात.

मी आता राहते ते दुबई कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे, त्यामुळे सूर्य इथे अगदी नेमका डोक्यावर कधीच येत नाही. २१ जूनच्या दुपारी तो दोन अंशांहूनही कमी चुकतो. तेवढ्या फरकाने पायाशी जी काळी कड उमटते, तिच्यात चिमणीसुद्धा मावणार नाही. मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे. औरंगाबादला नातेवाईक सांगतात, "तिचं बागांचं काम आहे." ते खरंच आहे. पण इतकी वर्षं इथे राहिल्यावर, कुणी विचारलंच, तर मी सावलीचं काम करते असं सांगावंसं वाटतं.

सुरुवातीला तसं नव्हतं. मी आले तेव्हा माझ्या नकाशांतली झाडं गाडीतून दिसण्यासाठी होती. ताशी शंभरच्या वेगाने जाणाऱ्या डोळ्यांसाठी खजुरांची रांग, तिच्या पायाशी हिरवळीचा पट्टा, पेटुनियाच्या रंगांच्या लाटा. काम मन लावून केलं, आणि त्या रांगा आजही सुंदर दिसतात. पण रस्त्याकडेच्या एकट्या खजुराची सावली विरळ असते, विटलेल्या धोतरासारखी. तिच्याखाली बसची वाट बघणारा माणूस खोडाच्या रेषेत अंग चोरून उभा राहतो आणि ती रेषा सरकली की आपणही सरकतो. हे मला नकाशावर कधी दिसलं नाही. गाडी दुरुस्तीला गेली आणि महिनाभर पायी-बसने हिंडले, तेव्हा दिसलं.

त्या महिन्यात मी जुनं दुबई पायांनी वाचलं. देरातून एक दिरहॅम देऊन अब्रात, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीत, बसायचं, लाकडी फळीवर, चारी बाजूंनी खाडीचा वारा. बर दुबईच्या धक्क्यावर उतरून अल फहिदीच्या गल्ल्यांत शिरायचं. अशा गल्लीला इथे सिक्का म्हणतात. दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढी रुंदी. एका घराची भिंत समोरच्या घराला सावली देते आणि दुपारनंतर ते उसनं फेडून घेते. वर बारजील, म्हणजे वाऱ्याचे मनोरे. चारी दिशांना उघडे असलेले हे मनोरे वरचा वारा पकडून खाली खोलीत सोडतात. ज्यांच्याकडे वीज नव्हती त्यांनी सावली आणि वारा दोन्ही भिंतीतच बांधून घेतलं होतं. एकाही घराला समोर हिरवळ नव्हती, आणि तरी ती गल्ली मला कुठल्याही बागेइतकी दयाळू वाटली.

या शहरात पायी कोण चालतं, हेही त्याच महिन्यात नीट पाहिलं. दुकानांतले मदतनीस, मुलांना शाळेच्या बसपर्यंत सोडणाऱ्या बाया, सायकलवरून डबे पोचवणारे, आणि सकाळी मजुरांच्या बसमधून उतरणारी ती निळ्या कपड्यांतली रांग. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करून घ्यायला इथल्या कायद्याने मनाई आहे. चांगला नियम आहे. पण त्या अडीच तासांत माणसाने बसायचं कुठे, ते सावलीच ठरवते.

याचं उत्तर मला अल ऐनने दिलं. दुबईहून दीड तासाचा रस्ता, लालसर वाळूच्या टेकड्यांमधून. शहराच्या मधोमध मरूद्यान आहे, जवळजवळ दीड लाख खजूर असलेलं. २०११ मध्ये युनेस्कोने ते आसपासच्या प्राचीन स्थळांसह जागतिक वारशात घेतलं. आत शिरल्यावर पहिल्यांदा कान शांत होतात, मग डोळे. वर खजुरांचं छत, त्याखाली आंबा, लिंबू, अंजीर, केळी, आणि अगदी जमिनीशी लसूणघास. कोकणातली वाडी आठवली: नारळ वर, खाली सुपारी, तिच्या अंगावर मिरवेल. एकट्या खजुराची सावली विरळ, पण शंभर खजूर एकमेकांच्या फटी बुजवतात आणि खालचं प्रत्येक झाड उरलेलं ऊन वाटून घेतं. चालायच्या वाटा मातीच्या भिंतींमधून जातात आणि वाफे वाटेपेक्षा खाली खणलेले असतात, म्हणजे आलेलं पाणी तिथेच मुरावं.

हे पाणी फलजातून यायचं. डोंगराच्या पायथ्याचं भूजल अगदी हलक्या उताराच्या बोगद्याने मैलोन्‌मैल आणायचं, मध्येमध्ये उभी विवरं ठेवायची, म्हणजे आत उतरून गाळ काढता येतो, आणि बागेपाशी ते पाटात मोकळं सोडायचं. अल ऐनजवळ हिलीला सापडलेला फलज सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा आहे. मी तिथे पाटाच्या काठावर बसले आणि माझ्या मनात औरंगाबाद उघडलं. मलिक अंबरची नहर! हबशी मुलगा, गुलाम म्हणून अरबस्तान आणि बगदाद करत दख्खनेत आलेला. सतराव्या शतकाच्या आरंभी त्याने खडकी, म्हणजेच पुढचं औरंगाबाद, वसवली आणि डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात आणलं. पाणचक्कीची नहर नंतरची, पण त्याच तऱ्हेची; तिथे आम्ही उन्हाळ्यात जायचो तेव्हा भिंतीवरून कोसळणारं पाणी बघायचो आणि मग हौदाच्या खालच्या दालनात उतरायचो. डोक्यावर पाणी, खाली गारवा. ते पाणी कुठून येतं हे लहानपणी विचारलं नाही. इथे, समुद्रापलीकडे, वाळूत बसून ते कळलं. वाटेत मलिक अंबरने असे पाट पाहिले असतील का, असं उगीच वाटत राहिलं.

फलजाचं पाणी वाटायची जुनी रीत तर मला आजोबांच्या अंगणातच घेऊन गेली. प्रत्येकाच्या पाळीचा वेळ दिवसा जमिनीत रोवलेल्या काठीच्या सावलीवर मोजायचा आणि रात्री ताऱ्यांवर. शेजारच्या ओमानमधल्या काही गावांत अजूनही या रीतीचे जाणकार आहेत. आपल्याकडे धुळ्या-नाशकाच्या फड पद्धतीत पाटकरी जे राखत असे, तेच हे: तुझं झालं, आता त्याचं. सावलीने पाणी मोजायचं आणि त्या पाण्याने सावली वाढवायची. या वर्तुळात बसून मी माझ्या आधीच्या सगळ्या रांगा मनातल्या मनात पुन्हा आखल्या.

परतल्यावर माझ्या नकाशांतले वाफे खाली गेले. आमच्या बागांना मिळणारं पाणी आधीच दोनदा जगलेलं असतं. समुद्राचं खारं पाणी गोड करून घराघरांत जातं, तिथून सांडपाणी होतं, शुद्ध होऊन नळ्यांतून थेंबाथेंबाने मुळाशी येतं. अशा पाण्याला उथळ हिरवळीवर उडवून द्यायला हात धजत नाही. आणि १६ एप्रिल २०२४ ला जेव्हा आभाळ फाटलं, अल ऐनच्या बाजूला एका ठिकाणी दिवसभरात २५४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा उंचावरच्या कठडेबंद हिरवळींनी ते पाणी रस्त्यावर ढकललं. खणलेल्या वाफ्यांनी निदान आपल्यापुरतं तरी पोटात घेतलं.

मग घाफ. अमिरातीचं राष्ट्रीय झाड. पहिल्यांदा जवळून पाहिलं ते वाळवंटात, एकटं, खालून अगदी सपाट कापल्यासारखं. उंटाची मान जिथवर पोचते तिथवरचा पाला उंट खातो, म्हणून सावली माणसाच्या डोक्यावर नेमक्या उंचीला तोलून धरल्यासारखी दिसते. पानं हातात घेतली, बारीक, दुहेरी, आणि काटे; आणि ओळख पटली. ही आपली शमी! पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रं ठेवली ती, दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या वेळी जिची पूजा होते ती. राजस्थानात तिला खेजडी म्हणतात. १७३० मध्ये खेजडलीच्या बिश्नोई लोकांनी ती वाचवताना जीव दिले. तिचं मूळ शंभर फूटही खाली जातं, पाण्यापर्यंत. पण रोपवाटिकेतली घाफ रोज थेंब थेंब पाण्यावर ठेवली तर मुळं वरच पसरतात आणि पहिल्या वादळाला झाड कलतं. म्हणून मी पाणी हळूहळू लांबवत नेते. एक दिवसाआड, मग आठवड्याने. तहानेनेच ती खाली उतरते. माळी सुरुवातीला कळवळतात. मलाही जड जातं.

एका प्रकल्पात अशीच बसथांब्यापर्यंतची सावलीची वाट आखली होती, दुतर्फा घाफ आणि खाली माती. पैसे कमी पडले आणि पहिली कात्री तिच्यावर लागली. दरवाज्यासमोरचं कारंजं राहिलं. त्या बैठकीतून बाहेर येऊन मी गाडीत बराच वेळ बसून होते. आजही तो नकाशा टाकवत नाही.

गेल्या वर्षी मात्र शहराच्या कडेच्या एका भूखंडावर तीन जुन्या घाफ मिळाल्या. आमचं संगणकातलं चित्र तयार होतं: जुलैची दुपारी दोनची सावली, तिच्यात भिंतीला टेकून बाक. मी प्रत्यक्ष मोजायला गेले ते विश्रांतीच्या वेळेत. मजूर झाडांखाली पुठ्ठे अंथरून झोपले होते. मी दर अर्ध्या तासाने फक्कीने सावलीची कड आखत होते, आणि प्रत्येक वेळी झोपेतच पुठ्ठे माझ्या रेषेच्या आत सरकलेले असायचे. आमच्या भिंतीच्या जागेजवळ कुणीच नव्हतं. राखणदार पेशावरकडचा, पांढऱ्या दाढीचा. तो म्हणाला, "बाजी, दीवार बनेगी तो हवा रुक जाएगी." समुद्राकडून दुपारी वारा सुटतो तो नेमका तिथूनच आत येत होता.

मग त्याने मला झाडांच्या मधली एक जागा दाखवली. तिथे त्याचा पाण्याचा जार होता, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला. दोन वर्षांत त्याने तो सरकवत सरकवत तिथे आणला होता. सकाळी पहिल्या झाडाची सावली, दुपारी मधल्याची, संध्याकाळी तिसऱ्याची. जारावर ऊन येतच नाही. मी संध्याकाळपर्यंत थांबले. आलं नाही.

इथे लोक घराच्या कुंपणावर, मशिदीच्या भिंतीत वाटसरूंसाठी थंड पाण्याचे नळ लावतात. त्याला सबील म्हणतात. दुसऱ्या दिवशी नकाशावरून भिंत पुसली, बाक वाऱ्याच्या वाटेबाहेर पूर्वेकडे नेला, आणि जाराच्या जागी एक लहान वर्तुळ काढलं. शेजारी अरबीत सबील लिहिलेलं आहे, इंग्रजीतही त्याचं नाव आहे. माझ्या प्रतीवर मी पेन्सिलीने लिहिलं, पाणपोई.